एकाच बियाण्याचा कांदा तीन गावांत तीन तऱ्हेचा का येतो, आणि निवड कशी करावी

निफाड तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. आठ वर्षांपूर्वी एन-२-४-१ या उन्हाळ कांद्याच्या पिकातून त्यांनी मातृकांदे (बी धरण्यासाठी राखायचे कांदे) निवडले आणि तेव्हापासून ते घरचेच उळे, म्हणजे कांद्याचे बी, वापरतात. त्यांच्या काळ्या जमिनीत कांदा गोल, लाल आणि बऱ्यापैकी एकसारखा येतो. अधूनमधून थोडे पांढरे कांदे मात्र दर वर्षी निघतातच. हेच बी पारनेरच्या मेहुण्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रांगडा (खरीप आणि उन्हाळ यांच्या मधल्या हंगामाचा कांदा) म्हणून लावले, तर डेंगळे (कंद भरण्याऐवजी फुलदांडा धरलेली झाडे) आणि जोड (फुटून दुभंगलेले) कांदे फार निघाले. साक्रीच्या मित्राने ते जानेवारीअखेर हलक्या जमिनीत लावले आणि शेवटपर्यंत युरिया दिला, तर कांदा लहान राहिला आणि माना जाड झाल्या. त्यांचा प्रश्न असा आहे की, आणखी किती वर्षे निवड केली म्हणजे हे बी कुठेही लावले तरी सारखेच येईल?

या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या आधी सोडवून घ्याव्या लागतील. एकाच शेतातली सगळी झाडे एकमेकांसारखी असणे हा एकसारखेपणा, आणि तेच बी वेगवेगळ्या जमिनींत व हवामानांत आपले गुण टिकवून धरणे हे स्थैर्य. एक साधले म्हणजे दुसरे आपोआप साधते असे नाही. को ८६०३२ हा ऊस कांडीपासून वाढतो, त्यामुळे त्याची सगळी बेटे जनुकीयदृष्ट्या एकच असतात, आणि तरीही कोल्हापूरच्या नदीकाठच्या मळीच्या जमिनीतला आणि मराठवाड्याच्या मुरमाड जमिनीतला तो ऊस उंचीत, जाडीत आणि उताऱ्यात वेगळा असतो. म्हणून "किती वर्षे" यापेक्षा निवड कोणत्या परिस्थितीत झाली आणि कशावर झाली याला महत्त्व आहे. शिवाय उन्हाळ कांद्याची एक पिढी दोन वर्षांची असते: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोप टाकायचे, एप्रिल-मेमध्ये कांदा काढायचा, तो ऑक्टोबरपर्यंत कांदा साठवायच्या हवेशीर चाळीत ठेवायचा, मग लावायचा आणि पुढच्या एप्रिल-मेमध्ये बी घ्यायचे. म्हणजे आपल्या आठ वर्षांत प्रत्यक्षात चारच पिढ्या झाल्या आहेत.

पारनेरचे डेंगळे आधी पाहू, कारण त्यात बियाण्याचा दोष वाटतो तेवढा नाही. कांद्याचे रोप ठरावीक वयाचे व जाडीचे झाल्यावरच थंडीला फुलोऱ्याच्या दिशेने प्रतिसाद देते. साधारण ९ ते १३ अंश तापमान काही आठवडे मिळाले की कंद भरण्याऐवजी फुलदांडा सुटतो. कोवळ्या रोपावर त्याच थंडीचा हा परिणाम होत नाही. थंडीच म्हणाल तर ती निफाडला अधिक पडते. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रावर किमान तापमान काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरते. पण आपण डिसेंबरअखेर लागवड करता, तेव्हा थंडी ऐन भरात असताना आपले रोप नुकतेच मूळ धरत असते. मेहुण्यांचे रोप ऑक्टोबरच्या आरंभी शेतात गेले, डिसेंबरअखेर ते बोटाएवढे जाड झाले होते आणि नेमकी तेव्हा थंडी आली. त्यामुळे थंडी कमी असूनही डेंगळे अधिक निघाले. आपण चार पिढ्या निवड केलीत ती अशा लागवडीत केलीत, की जिथे डेंगळे धरण्याची प्रवृत्ती असलेली झाडेही डेंगळे धरू शकली नाहीत. जो दोष कधी दिसलाच नाही, तो निवडीने कमी कसा होणार?

साक्रीच्या बाबतीत मी बियाण्याला जवळपास निर्दोष मानतो. कंद भरायला लागणे हे दिवसाच्या लांबीवर आणि तापमानावर अवलंबून असते. उशिरा लावलेल्या रोपाला पुरेशी पाने येण्याआधीच दिवस मोठा होतो, ऊन तापते आणि असेल तेवढ्या पानांवर झाड कंद धरून मोकळे होते. तो लहानच राहणार. पीक पोसण्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत नत्र दिले की पाने वाढत राहतात आणि मान बारीक होऊन पडत नाही. असा कांदा चाळीत टिकत नाही हे आपल्याला सांगायला नको.

तरीही हे सगळे अनुमान आहे, कारण तिन्ही ठिकाणी आपल्या बियाण्याशेजारी दुसरे काहीच लावलेले नव्हते. स्थैर्याविषयी बोलायचे तर तुल्य वाणाशिवाय, म्हणजे तुलनेसाठी शेजारी लावलेल्या ओळखीच्या वाणाशिवाय, बोलता येत नाही. पायाभूत बियाण्यापासून घेतलेले मूळ एन-२-४-१, आणि जमल्यास रांगडा व उन्हाळ अशा दोन्ही हंगामांसाठी शिफारस असलेला राजगुरुनगरच्या कांदा संशोधन संस्थेचा भीमा शक्ती, हे दोन वाण प्रत्येक ठिकाणी आपल्या वाफ्यांशी आलटून पालटून लावावेत. एकाच्या शेजारी एक असे निदान चार-चार वाफे असावेत, नाहीतर जमिनीतला फरक वाणाच्या नावावर जमा होतो. मूळ वाणालाही तेवढेच डेंगळे आले तर दोष तारखेचा. आपल्यालाच अधिक आले तर दोष बियाण्यात. हा एक हंगाम खर्च केल्याशिवाय पुढची निवड आखू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता निवडीविषयी. बहुतेक शेतकरी काढणीनंतरच्या ढिगातून किंवा चाळीतून मोठे, देखणे कांदे उचलतात. त्यात अडचण अशी की मोठा कांदा मोठा का झाला हे ढिगात कळत नाही. तो पाटाच्या कडेचा असेल, शेजारची दोन रोपे मेल्यामुळे त्याला जागा मिळाली असेल, किंवा तिथे शेणखताचा ढीग पडला असेल. कंदाचे वजन पर्यावरणाने फार हलते, रंग आणि आकार त्या मानाने कमी हलतात. अमेरिकेतील नेब्रास्का येथे गार्डनर यांनी १९६१ मध्ये मक्यासाठी एक साधी रीत मांडली होती आणि ती कांद्याला चांगली लागू पडते. शेताचे सारखे चौकोन पाडायचे, आणि सबंध शेतातले सर्वोत्तम न घेता प्रत्येक चौकोनातले चांगले तेवढे सारख्या संख्येने घ्यायचे. कमकस कोपऱ्यातल्या झाडांची तुलना कमकस कोपऱ्यातल्या झाडांशीच होते, आणि तिथे बरे आलेले झाड बऱ्याचदा भारी जागेतल्या सुजलेल्या कांद्यापेक्षा अधिक मोलाचे असते. कडेच्या दोन ओळी आणि जिथे रोपे विरळ झाली आहेत त्या जागा निवडीतून वगळाव्यात. निवड उभ्या पिकात, पात पडण्याच्या वेळी सुरू करावी. मान बारीक आहे का आणि पात वेळेत पडते का हे ढिगात दिसत नाही.

जोड कांद्याबाबत एक गोष्ट आहे, जी बीजोत्पादन करणाऱ्या अनेकांच्या लक्षात येत नाही. मातृकांदा लावण्याआधी आपण त्याचा वरचा भाग कापतो. त्या कापावर नीट पाहिले तर पांढऱ्या मांसल पापुद्र्यांच्या मधोमध पिवळसर-हिरवे डोळे दिसतात; कुठे एकच, कुठे दोन, कुठे चार. बाहेरून एकसंध गोल दिसणाऱ्या कांद्यातही आत तीन-चार डोळे निघू शकतात, आणि जागा, पाणी किंवा तापमान बदलले की असा कांदा फुटून जोड होतो. आता गंमत पाहा: ज्या कांद्यात डोळे अधिक, त्याला फुलदांडे अधिक, गोंडे (फुलांचे गुच्छ) अधिक आणि बी अधिक. सगळे गोंडे एकत्र कापून, एकत्र मळून, एकत्र साठवले तर पुढच्या पिढीत बहुडोळी कांद्यांचा वाटा, आपण काहीही न करता, वाढत जातो. आपण वरून गोल कांदे निवडत असतो आणि खालून मळणी उलट्या दिशेने ओढत असते. यावर उपाय दोन. कापताना एक-दोन डोळ्यांचे कांदेच बीजोत्पादनासाठी ठेवावेत. आणि प्रत्येक झाडाचे बी वेगळे काढून प्रत्येकाकडून सारख्या वजनाचे बी घेऊन मगच मिसळावे. त्यामुळे बियाण्याचे उत्पादन घटते. विक्रीसाठी बी करणाऱ्याला ते परवडेलच असे नाही, पण निवडीच्या मूळ बियाण्यासाठी दुसरा मार्ग मला माहीत नाही.

डेंगळ्यांचे बी धरणे हा तर उघड घात आहे. रांगड्यात निघालेले डेंगळे उपटून टाकण्याऐवजी त्यांचेच बी झोडून विकणारे लोक आहेत. असे बी दिसायला उत्तम असते आणि उगवतेही उत्तम, पण प्रत्येक पिढीत लवकर फुलणाऱ्या झाडांचीच निवड झालेली असते. आपण स्वतः असे करत नसाल, तरी शेजाऱ्याच्या रांगड्यात उभे राहिलेले डेंगळे जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात आणि आपला बीजोत्पादनाचा प्लॉटही त्याच सुमारास फुलावर येऊ लागतो. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर, म्हणून परागीभवन मुख्यतः मधमाश्यांमार्फत दुसऱ्या झाडाच्या परागाने होते. प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर विलगीकरण, म्हणजे फुलावरच्या दुसऱ्या कांद्यापासूनचे अंतर, सांगितले आहे ते यासाठीच. निफाडसारख्या कांद्याच्या पट्ट्यात एवढे अंतर मिळणे अवघड, हे मान्य आहे. अशा वेळी बीजोत्पादन कांदा नसलेल्या गावात, ऊस किंवा गव्हाच्या शिवारात करावे, किंवा शेजाऱ्यांना विनंती करून त्यांचे डेंगळे फुलण्याआधी स्वतः जाऊन मोडून यावे.

आपल्या पांढऱ्या कांद्यांचा उलगडाही इथेच होतो. परका पराग हे एक कारण असू शकते. पण पांढरेपणा एखाद्या अप्रभावी जनुकामुळे येत असेल, तर तो लाल कांद्यातही लपून राहतो. समजा सुरुवातीला १०० कांद्यांत १ पांढरा होता. मग उरलेल्या लालांपैकी साधारण १८ कांद्यांत तो गुण लपलेला असतो आणि डोळ्यांना ते कळत नाहीत. दर पिढीला सगळे पांढरे काढून टाकले तरी पहिल्या फेरीनंतर हजारात १० ऐवजी सुमारे ८ पांढरे निघतात, आणि चार पिढ्यांनंतरही सुमारे ५ उरतात. आपण काटेकोरपणे पांढरे वेचून काढूनही ते संपत नाहीत, कारण केवळ डोळ्यांनी दिसणाऱ्या कांद्याची निवड करून लपलेला गुण हटत नाही. त्यासाठी कांद्याच्या संततीकडे पाहावे लागते.

म्हणून मी सुचवतो ती पद्धत संततीवर आधारलेली आहे. पुढील पद्धतीतील आकडे आपल्या मजुरीनुसार आणि जागेनुसार कमी-जास्त करता येतील, क्रम मात्र बदलू नये. चौकोन पद्धतीने निवडलेले आणि चाळीत चांगले टिकलेले सुमारे १५० मातृकांदे विलगीकरण सांभाळून लावावेत आणि प्रत्येक झाडाचे बी स्वतंत्र कागदी पिशवीत क्रमांक घालून ठेवावे. एका मातृकांद्याचे बी म्हणजे एक कुळ. एका ग्रॅममध्ये साधारण २५० ते ३०० दाणे असतात, त्यामुळे प्रत्येक कुळाचे दोन-अडीच ग्रॅम बी चाचणीला पुरते. उरलेले राखीव ठेवावे, कारण गारपिटीत एखादी चाचणी गेली तर सगळे काम वाया जायला नको. मग प्रत्येक कुळाची शंभरेक रोपे तीन ठिकाणी लावावीत. १५ बाय १० सेंटिमीटर अंतराने शंभर रोपांना दीड चौरस मीटर लागतो, म्हणजे दीडशे कुळांना वाटा धरून एका ठिकाणी तीन गुंठे पुरतात. शंभर रोपे सलग न लावता पन्नास-पन्नासच्या दोन तुकड्यांत, शेताच्या दोन भागांत लावावीत, आणि दर दहा कुळांनंतर तुल्य वाणाचा एक वाफा असावा.

ठिकाणे निवडताना एकमेकांसारखी तीन शेते निवडण्यात काही अर्थ नाही. पहिले ठिकाण आपले निफाडचे, नेहमीच्या तारखेला. दुसरे साक्रीसारखी हलकी जमीन, पण लागवड वेळेवर आणि नत्र वेळेत थांबवून. तिसरे ठिकाण मुद्दाम अडचणीचे असावे: सप्टेंबरमध्ये रोप टाकून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागवड करायची, जेणेकरून ऐन थंडीत रोप जाड असेल आणि डेंगळे धरण्याची प्रवृत्ती असलेली कुळे उघडी पडतील. मेहुण्यांच्या शेतात झालेले नुकसान इथे तीन गुंठ्यांत आपल्या सोयीने घडवून आणायचे आहे.

चाचणीच्या निकालाचे वाचन मात्र कठोर असावे. तिसऱ्या ठिकाणी तुल्य वाणापेक्षा अधिक डेंगळे धरणारे कुळ बाद. कोणत्याही ठिकाणी तुल्यापेक्षा अधिक जोड देणारे कुळ बाद. तिन्ही ठिकाणी मिळून एकही पांढरा कांदा देणारे कुळ बाद. कारण लपलेला गुण बाळगणाऱ्या मातृकांद्याच्या कुळात शंभरात चार-पाच पांढरे निघतात आणि तो गुण नसलेल्याच्या कुळात एकही निघत नाही. उत्पादनाचा विचार या चाळणीनंतर, आणि तोही तिन्ही ठिकाणच्या क्रमवारीवरून. एका ठिकाणी पहिले आणि दुसऱ्या ठिकाणी शंभरावे आलेले कुळ मी ठेवत नाही. यातून तीस-चाळीस कुळे उरावीत. प्रत्येक कुळातून दहा-बारा कांदे, तिन्ही ठिकाणांहून सारख्या प्रमाणात, ऑक्टोबरपर्यंत चाळीत ठेवून, सडलेले आणि कोंब आलेले वगळून, एकत्र लावावेत. त्या मिश्र बियाण्यावर पुढची फेरी.

इथे एक मोह टाळावा लागतो. एकसारखेपणासाठी एक-दोन अप्रतिम कांदे शोधून केवळ त्यांचेच बी धरावे, किंवा गोंड्यावर पिशवी बांधून स्वपरागीभवन करावे, असे अनेकांना वाटते. परपरागीभवनाच्या पिकात त्याची किंमत भारी पडते. दोन-तीन पिढ्यांत रोपे मरतुकडी होतात, बी कमी धरते, आणि नाजूक झालेले झाड बदलत्या परिस्थितीला आणखीच अस्थिर प्रतिसाद देते. संकरित वाणांत हा ऱ्हास दोन वंशओळींच्या संकराने भरून निघतो. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात जोन्स यांना सापडलेल्या नरवंध्य (कामाचा पराग न देणाऱ्या) कांद्यावर तो मार्ग उभा राहिला, आणि आपल्याकडे बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेचे अर्का कीर्तिमान व अर्का लालिमा त्याच मार्गाने आले. परंतु नरवंध्य ओळ आणि तिची जोडीची ओळ सांभाळणे हे घरगुती शेतावरचे काम नव्हे. आपल्यासाठी दर पिढीला काही शे मातृकांदे ठेवणे हेच योग्य.

एवढे करूनही कंदाचे वजन सर्वत्र सारखे येणार नाही, आणि ते यावे अशी अपेक्षाही ठेवू नये. ऑस्ट्रेलियातील फिनले आणि विल्किन्सन यांनी १९६३ मध्ये सातूच्या २७७ वाणांची उत्पादने प्रत्येक हंगामाच्या व ठिकाणाच्या सरासरीशी पडताळून पाहिली, तेव्हा परिस्थिती बदलली तरी उत्पादन फारसे न हलणारे वाण निघाले, पण त्यांतले काही चांगल्या परिस्थितीतही कमीच देणारे होते. भारी जमीन, पाणी आणि खत मिळाल्यावर कांद्याने अधिक पोसावे हेच आपल्याला हवे असते. स्थिर राहायला हवेत ते डेंगळे न धरणे, जोड न होणे, रंग, आकार, बारीक मान आणि टिकवण. यांतील रंग आणि आकार दोन फेऱ्यांत बरेच सुधारतील. डेंगळ्यांना तीन फेऱ्या, म्हणजे सहा वर्षे, धरून चाला. टिकवणक्षमता मात्र चाळीवर, त्या वर्षीच्या पावसावर आणि काढणीपूर्वीच्या पाण्यावर इतकी अवलंबून असते की तिच्याविषयी वर्षांचा अंदाज मी देणार नाही.

खरीप, रांगडा आणि उन्हाळ या तिन्ही हंगामांना एकच बी चालावे, असा हेतू असेल तर तो सोडून द्यावा. खरिपासाठी एन-५३, बसवंत ७८० किंवा भीमा सुपर असे वेगळे वाण आहेत, कारण पावसाळी ढगाळ हवेत आणि लहान होत जाणाऱ्या दिवसांत कंद धरणे हा वेगळाच गुण आहे. उन्हाळ कांद्यावर तो लादायला गेलात तर टिकवण गमावून बसाल. रांगड्याचे म्हणाल तर डेंगळ्यांची चाळणी तीन फेऱ्या लावल्यावर मेहुण्यांना पुन्हा थोडे बी देऊन पाहता येईल, त्याआधी नको.

राखीव बियाण्याविषयी शेवटचे. कांद्याचे बी साध्या पिशवीत वर्षभरातच उगवण गमावू लागते, आणि आपली एक फेरी दोन वर्षांची आहे. ते सावलीत चांगले वाळवून, ओलावा ६ टक्क्यांपर्यंत आणून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दर वर्षी शंभर दाणे ओल्या कागदात उगवून पाहावेत. ७० टक्क्यांच्या खाली उगवण आली की ते चाचणीच्या कामाचे राहिले नाही असे समजावे. इतरांना बी देताना पुडीवर रोप टाकण्याची व लागवडीची तारखांची मर्यादा, शेवटचे नत्र कधी द्यायचे, आणि कोणत्या जमिनीत ते तपासलेले आहे एवढे लिहून द्यावे. साक्रीच्या मित्राला या वर्षी बी देणार असाल तर लागवड जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे नेऊ नये, असे त्या पुडीवरच लिहा.